गुळाचा रंग आणि घरातलं आरोग्य

कुटुंब अभ्यास : घरात सगळ्यांनी मिळून वाचावे

बऱ्याच ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय. सेंद्रिय खाल्लं की खरंच तब्येत सुधारते का, का नुसता महागाचा माल? आज याचा अभ्यास गुळावरून करू. निपाणी, कागल, चिकोडी या पट्ट्यात गूळ नाही असं घर नाही. नैवेद्याला गूळ, पोळीला गूळ, बाळंतिणीलाही गूळच.

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळतो तेव्हा वर मळी येते. ती नीट धरून यावी म्हणून जुने गुळवे भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे. आजही काही ठिकाणी घालतात. आंबटपणा मारायला थोडा चुना पडतो. इथपर्यंत काळजीचं काही नाही. पण गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस नावाची पावडर टाकतात, तिथं गोष्ट बदलते. हे गंधकाचं रसायन आहे आणि त्याचा अंश गुळात राहतो. गंधकाच्या अशा अंशानं दमेकऱ्यांना, विशेषतः लहान लेकरांना, त्रास होऊ शकतो. शिवाय हा रंग टिकतही नाही, ठेवला की गूळ हळूहळू काळवंडतो.

मग गुळव्या ती घालतोच कशाला? कारण सौद्यात पिवळ्या रव्याला दर जास्त आणि काळ्याला कमी. दुकानात आपणच म्हणतो, "जरा चांगला पिवळा द्या की!" शेतमालाच्या दरासाठी निपाणीनं १९८१ च्या तंबाखू आंदोलनात काय सोसलं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दर मिळेल तसाच माल तयार होणार.

इथं एक गफलत होते. हायड्रोस नाही म्हणजे गूळ सेंद्रिय झाला, असं नव्हे. ऊस रासायनिक खतावर आणि तणनाशकावर वाढलेला असेल तर तो फक्त बिनपावडरचा गूळ. तोही चांगलाच, पण सेंद्रिय म्हणून जादा पैसे देऊ नयेत. उलट गूळ काळा आहे म्हणून तो शुद्धच, असंही नाही. करपलेला, मळी नीट न काढलेला, जुना गूळही काळाच दिसतो.

आता तब्येतीचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय मालात जीवनसत्त्वं फार जास्त असतात असं त्यांना दिसलं नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र कमी सापडले. फ्रान्समध्ये २०१८ साली सुमारे ६९ हजार लोकांच्या अभ्यासात सेंद्रिय जास्त खाणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण कमी आढळलं. पण ब्रिटनमधल्या सहा लाखांहून जास्त बायकांच्या २०१४ च्या अभ्यासात एकूण कॅन्सरमध्ये तशी घट दिसली नाही. म्हणून "सेंद्रिय खा, कॅन्सर पळवा" असे मेसेज पुढं ढकलू नका. आणि डायबेटीस असलेल्यांनी नीट ऐका : सेंद्रिय गूळसुद्धा बहुतेक साखरच आहे, रक्तातली साखर वाढवतोच. गोळ्या बंद करून गूळ खाणं म्हणजे जिवाशी खेळ.

माझ्या मते सर्वांत मोठा फायदा फवारणाऱ्याचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्या ताटात येतो तो अंश. त्यांच्या तर नाकातोंडात, कातडीवर सगळंच जातं. आपल्या ग्रुपमधले कितीतरी जण स्वतः पाठीवर पंप घेतात. त्यांच्या घरी हा धडा आधी वाचा.

सगळंच सेंद्रिय घेणं बहुतेक घरांना परवडत नाही, त्यात कमीपणा नाही. मेथी-कोथिंबिरीसारख्या पालेभाज्या आणि द्राक्षं सालीपानासकट पोटात जातात, तिथं आधी पैसे घाला. बाकी माळवं वाहत्या पाण्यात चोळून धुवा. अंश सगळा जात नाही, पण कमी होतो. सेंद्रिय मिळत नाही म्हणून भाजीच कमी खाणं मात्र चुकीचं.

पाकिटावर "नॅचरल" किंवा "देशी" लिहिलं म्हणून भुलू नका, सेंद्रिय प्रमाणपत्राचं अधिकृत चिन्ह बघा. शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर त्याच्याकडे चिन्ह नसेलही, कारण थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. तिथं शेत बघणं हीच खात्री.

हंगाम सुरू झाला की दोन-चार घरांनी मिळून जवळच्या गुऱ्हाळावर जा, पोरांनाही न्या. गुळव्याला तीन गोष्टी विचारा : रस कशानं साफ करता? रंगाला काय घालता? ऊस कुणाचा, त्याला खत कुठलं? बिनपावडरचं एक आधण आपल्यासाठी काढायला सांगा, आणि पिवळ्या रव्याचा जो दर असेल तोच त्या काळ्या गुळाला द्या.