अंड्यांवर बसून राहिलेले बदक : किती दिवस थांबावे?

जामनेर भागात शिलाई, रफू, पिंजारकाम किंवा छोटे दुकान चालवणाऱ्या घरांच्या अंगणात चार कोंबड्या असतात आणि क्वचित एखादी बदकांची जोडीही असते. त्यांचा हिशेब बहुधा घरातील बायका ठेवतात आणि अंड्यांचे पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतात. मादी महिना-सव्वा महिना बसून राहिली आणि एकही पिल्लू निघाले नाही, तर नुकसान दुहेरी होते. बसवलेली अंडी जातात आणि मादी नवी अंडीही देत नाही. कापडाच्या धंद्यात पडून राहिलेल्या थानाबद्दल आम्ही पहिली गोष्ट विचारतो ती ही, की माल कोणत्या तारखेला आला? घरट्याबद्दलही तेच विचारावे.

आधी जात ओळखावी. साध्या बदकाच्या अंड्याला 28 दिवस लागतात. तोंडावर लाल मांसल गाठी असलेल्या मस्कव्ही बदकाला मात्र 35 दिवस लागतात. हा फरक ठाऊक नसल्याने तिसाव्या दिवशी चांगली अंडी फेकून देणारे लोक आहेत. कोंबडीचे 21 दिवस तर इथे मुळीच लावू नयेत. खाकी कॅम्पबेल ही जात वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते, पण उबवणीला सहसा बसत नाही. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. दिवस मोजायचे ते पहिल्या अंड्यापासून नव्हे, मादी पक्की बसली त्या दिवसापासून. त्या दिवशी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करावी. दुसरी बदके त्याच घरट्यात येऊन अंडी घालून जातात, ती बिनखुणेची अंडी रोज काढून घ्यावीत. नाहीतर पहिली पिल्ले निघताच मादी उठते आणि मागची अर्धवट राहतात.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. अगदी स्वच्छ दिसले तर ते वांझ आहे. नुसती लाल कडी दिसली तर जीव धरून मेलेला आहे. अशी अंडी तेव्हाच काढावीत. आत सडलेले अंडे फुटले की त्याची घाण बाकीच्या चांगल्या अंड्यांना लागते.

आमच्या खानदेशात अंडी वाया जाण्याचे मोठे कारण ऊन हे आहे. वैशाखात जळगाव जिल्ह्यात पारा 44-45 अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत आठ-दहा दिवस साठवलेल्या अंड्यात, मादी बसण्याआधीच जीव अर्धामुर्धा वाढू लागतो आणि मरतो. दोष नराला दिला जातो! अंडी माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावीत आणि शक्यतो आठवड्याच्या आत बसवावीत. दुसरी गोष्ट कोरड्या हवेची. आतला पापुद्रा वाळला की तयार पिल्लू त्यातच अडकते. मादीजवळ पाण्याची घमेली ठेवावी. ती दिवसातून एकदा उठून अंग भिजवते आणि ओल्या पिसांनीच परत बसते. कोंबडीखाली बदकाची अंडी असतील तर शेवटच्या आठवड्यात कोमट पाणी हलके शिंपडावे.

मुदत भरल्यावर दोन-तीन दिवस सबर करावा. कवचाला टोच पडल्यानंतरही पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस घेते, तेव्हा घाईने कवच सोलू नये, रक्त जाते. साध्या बदकाचे 31 आणि मस्कव्हीचे 38 दिवस उलटले, उजेडात हालचाल दिसत नाही, कानाला लावून टोचण्याचा आवाज नाही, तर अंडी उचलावीत. मादी स्वतः उठेल या आशेवर राहू नये. ती खाणे कमी करते, वाळत जाते, आणि उन्हाळ्यात तर जिवावर बेतते.

अंडी आणि घरटे दोन्ही हलवावे. मादीला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात सावलीत तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालून हवा लागली की खुडूकपणा उतरतो. दाणा-पाणी भरपूर द्यावे. नाकात पीस खुपसणे, उपाशी ठेवणे हे जुने उपाय आम्हाला पसंत नाहीत, मुक्या जिवाला त्रास आणि फायदा काही नाही. एक दिवसाची पिल्ले कुठे मिळत असतील तर रात्री अंधारात अंडी काढून ती तिच्या पोटाखाली सोडावीत. पुष्कळदा ती त्यांना आपलीच मानते, मात्र सकाळी लक्ष ठेवावे, टोचू लागली तर लगेच वेगळी करावीत.

काढलेली अंडी खोल पुरावीत. वांझ अंडे वरून ताजेच दिसते, म्हणून ते बाजाराच्या टोपलीत टाकण्याचा मोह होतो. आठवडाभर उबेत राहिलेले अंडे ताजे म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. गिऱ्हाईक एकदा फसले की शेजारच्या घराचीही अंडी घेत नाही.

मादी साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. पण होळीनंतर ती खुडूक झाली तर आमच्या मते बसवूच नये. अंडी विकून टाकावीत आणि पावसाळा लागून हवा थंडावली की तिला बसवावे.