टाकळ्याचे बी मागणाऱ्या भाच्यास



तुझे पत्र पावले. जो मजकूर तू आईपासून, खोलीतल्या सोबत्यांपासून आणि डॉक्टरांपासूनही इतके महिने लपवून ठेवलास, तो अखेर मजजवळ उघड केलास, याचा मला मनापासून संतोष वाटला. मात्र पत्राच्या शेवटी ‘टाकळ्याचे बी किंवा दुसरे काही झाडपाल्याचे पाठवा, म्हणजे कोणाला न कळता हे प्रकरण मिटेल’ असे जे लिहिले आहेस, त्यातल्या बियांच्या मागणीला मी रुकार देतो, कोणाला न कळण्याच्या अटीला देत नाही. आणि तो का देत नाही याचा खुलासा सविस्तर करणे मला अवश्य वाटते.

जांघेच्या दोन्ही बाजूंस पसरत गेलेले, कडेला तांबूस व किंचित उंचावलेले, त्या कडेवर बारीक पुटकुळ्या आणि सुटत चाललेले पापुद्रे असलेले, व मध्यभागी निवळून काळसर पडलेले असे जे वर्तुळ तू वर्णन केले आहेस, त्याला आपल्याकडे गजकर्ण किंवा नायटा म्हणतात आणि ग्रंथांत दद्रु म्हणतात. चरकाचार्यांनी त्याची गणना क्षुद्र कुष्ठांत केली आहे व सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठांत. हा मतभेद वाचताना मला नेहमी वाटत आले की दोघांनीही खरेच पाहिले असावे. कारण वेळीच लक्ष दिले तर हा रोग क्षुद्रच आहे, आणि लपवून, दडपून, अर्धवट इलाज करून वाढविला तर तो माणसाची झोप, कामावरचे चित्त आणि चारचौघांत बसण्याचा आत्मविश्वास हिरावून घेण्याइतका मोठा होतो. त्याचे कारण एक बुरशी आहे. त्वचेच्या मृत थरातील केराटिन हे तिचे अन्न आणि घाम, ऊब व कोंडमारा हे तिचे पोषक वातावरण. लोकलच्या गर्दीत दोन-दोन तास उभा राहणारा, जाड कापडाची तंग विजार दिवसभर घालणारा आणि पावसाळ्यात दोरीवर चार दिवस न वाळणारी अंतर्वस्त्रे दमट अंगावर चढविणारा तरुण तिला बळी पडला, तर त्यात त्याच्या शीलाचा काडीचाही संबंध येत नाही. इंग्रजी अमदानीत गोऱ्या शिपायांना हा विकार जडला की ते त्याचे खापर धोब्याच्या माथी मारीत; तू ते स्वतःच्या माथी मारून घेतो आहेस, एवढाच फरक.

आता ज्या गोष्टीवर तू एका वाक्यात पडदा टाकलास, ती मला सर्वांत गंभीर वाटते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून जी नळी आणलीस, जिने दोन दिवसांत खाज थांबली आणि जी संपताच नायटा दुप्पट जोमाने उलटला, तिचे वेष्टन अद्याप टाकले नसशील तर त्यावरील बारीक अक्षरांतला तपशील वाचून पाहा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव बहुतकरून सापडेल, आणि त्याच्या जोडीला एक बुरशीविरोधी व एखादे जंतुनाशक औषध. ही पहिली नावे स्टेरॉईडांची आहेत. लाली आणि खाज ही बुरशीविरुद्ध शरीराने उठविलेली ओरड असते. स्टेरॉईड ती ओरड बंद करते, म्हणजे चोर घरात असताना पहारेकऱ्याला गुंगीचे औषध पाजावे तसा हा प्रकार होतो, आणि बुरशी निर्वेधपणे पसरते. शिवाय तिची कड पुसट होते, वर्तुळ मोडते, आणि वाकबगार डॉक्टरही क्षणभर चकावा असे रूप तिला येते. अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन इंग्लंडातील डॉक्टरांनी 1968 सालीच करून ठेवले आहे. जांघेची त्वचा मुळात नाजूक व घडीची, तेथे औषध अधिक मुरते; त्यामुळे कातडी पातळ होऊन ज्या लांबट चिरा उमटतात, त्या रोग गेल्यावरही जन्मभर राहतात. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉईड मलमे शेड्यूल एचमध्ये घालून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकू नयेत असा हुकूम काढला खरा, परंतु हुकुमाची अंमलबजावणी दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचली नाही, हे तुझ्या पत्रावरूनच दिसते. तेव्हा माझी पहिली ताकीद ही की ती नळी आजपासून बंद. चार-आठ दिवस खाज उसळेल; ती सोसावी लागेल, आणि त्या दिवसांची तजवीज पुढे लिहितो.

कोणाला न कळता हे मिटणार नाही, त्याचे कारण असे. मी वैद्यकी सुरू केली तेव्हाचा नायटा आणि आजचा नायटा एक राहिलेला नाही. पूर्वी टर्बिनाफिनच्या गोळ्या दोन आठवडे घेतल्या की बहुतेक रोगी मोकळे होत. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात बुरशीचा असा एक प्रकार बळावला आहे की ज्या विकरावर हे औषध काम करते त्यातच बदल होऊन औषध निष्प्रभ ठरते. 2020 मध्ये त्या प्रकाराची ट्रायकोफायटन इंडोटिनी या नावाने शास्त्रात स्वतंत्र नोंद झाली. अनिर्बंध मलमांनी या साथीस हातभार लावला, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून आता कोणती गोळी, किती मात्रेत, किती मुदतीपर्यंत, हे ज्याने रोग डोळ्यांनी पाहिला त्यानेच ठरविले पाहिजे. इट्राकोनाझोलसारखी औषधे इतर अनेक औषधांशी पटवून घेत नाहीत, यकृताकडेही लक्ष ठेवावे लागते; ती मित्राच्या सल्ल्याने घेण्याची वस्तू नव्हे. आणि मुळात हे गजकर्णच आहे काय, याचाही दाखला हवा. जांघेत सोरायसिस होतो, कँडिडा नावाच्या दुसऱ्या बुरशीचा विकार होतो, एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूंचा विकार होतो, आणि तो काळोखात विशिष्ट दिव्याखाली पोवळ्यासारखा लाल चमकतो. कडेचे पापुद्रे बोथट पात्याने खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. या तपासणीला फार वेळ लागत नाही आणि वेदना तर मुळीच नाही.

झाडपाल्यावर माझी श्रद्धा नाही असा अर्थ मात्र यातून काढू नकोस. आयुष्यभर ज्या वनस्पतींनी मला व माझ्या रोग्यांना साथ दिली, त्यांच्याविषयी अनादर माझ्या लेखणीतून उतरणार नाही. टाकळाच घे. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याच्या कडेला उगवणारा, पानांच्या तीन-तीन जोड्या रात्री मिटून घेणारा, कोवळेपणी ज्याची भाजी तुझी आजी आवडीने करीत असे, त्याच टाकळ्याच्या बारीक वाकड्या शेंगांतील बी लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात वाटून गजकर्णावर लावण्याचा प्रघात पुरातन आहे. तो निराधारही नाही. त्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते; आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर नावाजलेली जी गोव्याची पूड मिळे, तिच्यातील क्रायसारोबिन याच द्रव्याचे जवळचे भावंड. ती पूड वस्तुतः गोव्याची नव्हे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साचते, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यास येऊन तेथून आपल्याकडे पसरली. गुण पुष्कळ, परंतु त्वचा भाजून काढी, डोळ्यांस गेली तर डोळे सुजत आणि कपड्यांवर पडलेला डाग कधी जात नसे. टाकळा तितका जहाल नाही आणि तितका समर्थही नाही. हातभर पसरलेला, महिनोन्‌महिने मुरलेला, स्टेरॉईडने चेकाळलेला नायटा त्याच्या एकट्याच्या बळावर हटेल, असे मी तुला इतबाराने सांगू शकत नाही.

निसर्गाचे ते चांगले व कारखान्याचे ते वाईट, अशी तू मनाशी वाटणी केलेली दिसते; ती टिकणारी नाही. गजकर्णावर पोटातून घेण्याचे पहिले प्रभावी औषध ग्रिसिओफुल्विन, ते 1939 साली एका बुरशीतूनच काढले गेले. उलट बिब्बा अस्सल रानचा, पण त्याचा चीक जांघेत लागला तर फोड येऊन आठवडा अंथरुणात जाईल. ठेचलेली लसूण बांधून कातडी भाजून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. कडुनिंबाचे वा करंजाचे तेल अंगाच्या उघड्या भागावर एक वेळ चालेल. घडीत ते भरपूर चोपडले की ओल आतच कोंडते, आणि कोंडलेली ओल हीच तर रोगाची शिदोरी.

ज्या उपायाला मी खरा नैसर्गिक म्हणतो, तो कोरडेपणा. त्याच्यावाचून डॉक्टरांच्या गोळ्याही अर्ध्या वाया जातात, आणि तो सर्वस्वी तुझ्या हाती आहे. सकाळी व कामावरून आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवावे, साबण थोडा, घासणी मुळीच नको. खाज उसळली तर कडुनिंबाचा पाला उकळून पूर्ण निववलेल्या पाण्यात फडके भिजवून दहा मिनिटे ठेवावे व भाग टिपून वाळवावा. जंतुनाशक द्रावण तसेच ओतण्याचा अविचार करू नये. टॉवेल स्वतःचा, आणि जांघेसाठी निराळा. पायांच्या बोटांतील बेचक्या नीट पाहा. तेथे भेगा किंवा पांढरी सालपटे असतील तर रोगाचे दुसरे ठाणे तेथे आहे असे समज, आणि कपडे करताना आधी मोजे घाल, मग अंतर्वस्त्र, म्हणजे पायाची बुरशी वर चढणार नाही. अंतर्वस्त्रे सुती, सैल व रोज दोन. ती सोबत्यांच्या कपड्यांत न मिसळता कढत पाण्यात धुवावी, उलटी करून उन्हात वाळवावी, आणि ऊन नसेल तेव्हा शिवणींवरून कडक इस्त्री फिरवावी, कारण बुरशीचे बीज शिवणीत दडून कैक आठवडे जिवंत राहते. मलम लावताना डागाच्या बाहेर दोन बोटे जागा सोडून सुरुवात करावी व आत यावे. कातडी स्वच्छ दिसू लागली तरी सांगितलेल्या मुदतीआधी एक दिवसही थांबू नये. बहुतेकांचा घात याच ठिकाणी होतो.

पथ्याविषयी थोडेच लिहितो. दूध आणि मासे यांचा विरुद्धाहार कुष्ठाचे कारण म्हणून ग्रंथांत सांगितला आहे, आणि तो पाळण्यात नुकसान काही नाही. परंतु मासे सोडून बसलास आणि ओली विजार चालू ठेवलीस, तर हशील शून्य. त्यापेक्षा रक्तातील साखर तपासून घे. आपल्या घराण्यात मधुमेह आहे, आणि वारंवार उलटणाऱ्या नायट्यामागे तो कधी कधी लपलेला असतो.

तुझ्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे, आणि तुझ्या घाईचे मूळ तेथे असावे, असा माझा कयास आहे. रोग सहवासाने लागतो, हे खरे. म्हणून तो आधी निपटून काढावा, आणि काही काळ लांबलाच तर होणाऱ्या पत्नीपासून लपवू नये. तिला तो लागला तर तिलाही तुझ्यासारखेच गप्प बसावे लागेल, आणि आपल्या समाजात स्त्रीने या जागेची खाज बोलून दाखविणे तुझ्याहून कितीतरी कठीण. खोलीतल्या सोबत्यांनाही सांग. त्यांपैकी एक-दोघे तुझ्याप्रमाणेच चोरून नळ्या लावीत असण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि सर्वांचा इलाज एकदम झाला नाही तर रोग खोलीतल्या खोलीत फिरत राहील. तुझ्या आईला, अक्काला, मी काही कळविलेले नाही. ते तू तुझ्या सवडीने कर.

सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी दिसेल. तिच्याखाली उभे राहण्याच्या संकोचाने पुष्कळ माणसे परत फिरतात. तू फिरू नकोस. त्या रांगेत निम्मी माणसे तुझाच रोग घेऊन आलेली असतील. जाताना वापरलेल्या सर्व नळ्यांची वेष्टने बरोबर ने आणि काही न वगळता सांग. टाकळ्याच्या शेंगा दसऱ्यानंतर वाळतील, तेव्हा बी पाठवीन. डॉक्टरांची हरकत नसेल आणि मूळ रोग हटल्यावर एखादा लहानसा डाग पुन्हा डोके वर काढताना दिसला, तर आधी दंडावर लावून पाहून मगच त्यावर लाव. तोवर गोळीचे नाव, मात्रा आणि मुदत उलट टपाली कळव.

तुझा,
मामा