ब्रेकच्या दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा अशी काढा

भाजीपाला व फळे बाजारपेठेत पोहोचविण्यासाठी अनेक शेतकऱ्यांकडे जीप किंवा पिकअप गाडी असते. ब्रेकची नळी, व्हील सिलिंडर किंवा मास्टर सिलिंडर बदलल्यानंतर नळ्यांतील हवा काढणे अत्यंत आवश्यक असते. हे काम अर्धवट राहिल्यास भरलेली गाडी घाटाच्या उतारावर आवरत नाही.

हवेमुळे काय होते ?

ब्रेक ऑइल दाबले जात नाही, त्यामुळे पेडलवरील दाब चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडते, हे आपल्या अनुभवाचे आहे. तेथे इंजिन बंद पडते, येथे गाडी थांबत नाही. पेडल स्पंजासारखे मऊ लागणे आणि दोनतीन वेळा मारल्यावरच ब्रेक लागणे, ही हवेची लक्षणे होत.

साहित्य

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले सीलबंद ब्रेक ऑइल (डॉट ३ किंवा डॉट ४), निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, काचेची बाटली व एक मदतनीस.

कृती

१) गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. चाकांना मागेपुढे दगड लावावेत. ड्रमचे लायनर आधी ॲडजस्ट करावेत.

२) ऑइलची टाकी पुसून वरच्या खुणेपर्यंत भरावी.

३) साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी : मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे, शेवटी पुढील उजवे. पुस्तिकेत वेगळा क्रम असल्यास तोच पाळावा.

४) निपलला नळी बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवावे.

५) मदतनिसाने पेडल सावकाश तीनचार वेळा मारून दाबून धरावे. आपण निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे. बुडबुडे व ऑइल बाहेर येईल, पेडल खाली जाईल.

६) निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडण्यास सांगावे. आधी सोडल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते.

७) बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. टाकी मधूनमधून भरत राहावी. ती रिकामी झाल्यास सर्व काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

घ्यावयाची काळजी

• ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल कदापि वापरू नये. त्यामुळे रबरी वॉशर फुगून खराब होतात.

• बाटलीतील ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. बरेच दिवस उघडा राहिलेला डबाही वापरू नये. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा धरल्यावर ही मर्यादा सुमारे १४० अंशांपर्यंत खाली येते. उतारावर ब्रेक तापले की वाफ होऊन पेडल खाली जाते.

• ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

• एबीएस असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रणेत शिरली असल्यास ती काढण्यास कार्यशाळेतील उपकरण लागू शकते.

शेवटची तपासणी

पेडल कडक लागले पाहिजे. एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेल्यास कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे असे समजावे. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन सुरू करताना पेडल किंचित खाली जाऊन स्थिर होते, तो दोष नव्हे. त्यानंतर रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागेवर हळू चालवून ब्रेक पाहावेत. पेडल मऊ लागत असेल तर गाडीत माल भरू नये.