सँ-व्हेराँ : एका गावाची लोकसंख्या शिकवताना



'लोकसंख्येतील बदल' हा धडा आला की मुलं जन्मदर, मृत्युदर, स्थलांतर हे शब्द पाठ करतात. पण त्यामागे माणसं दिसत नाहीत. त्यासाठी फ्रान्समधलं सँ-व्हेराँ हे छोटं गाव वर्गात घेऊन बघा.

हे गाव आल्प्स पर्वतात, केरास खोऱ्यात, 2000 मीटरहून थोड्या जास्त उंचीवर आहे. हिवाळा लांबलचक. म्हणून जुनी घरं खाली दगडाची, वर लाकडाची. खाली माणसं आणि गुरं एकत्र, म्हणजे गुरांची ऊब मिळे. वर गवताचा साठा. लाकडाला आग लागली तर सगळं गाव जळू नये म्हणून वस्त्या मुद्दाम सुट्या ठेवल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे आठशेच्या आसपास माणसं राहत होती. आज सुमारे दोनशे आहेत. म्हणजे चारातला एकच उरला. मग बाकीचे गेले कुठे?

इथे मुलांना एक गंमत सांगा. या भागातले काही पुरुष पूर्वी हिवाळ्यात खाली मैदानात जात, ते चक्क गुरुजी म्हणून! जत्रेत टोपीला पीस खोचून उभे राहत. जितकी पिसं जास्त, तितकं जास्त शिकवणार. तीन पिसं म्हणजे लॅटिनसुद्धा येतं. उन्हाळ्यात शेतीसाठी ते घरी परतत. हे झालं हंगामी स्थलांतर. त्यानं गाव रिकामं होत नाही, उलट घरात पैसा येतो.

पुढे शहरांत कारखाने, नोकऱ्या वाढल्या आणि गेलेली माणसं परतेनाशी झाली. हे कायमचं स्थलांतर. तरुण गेले की लग्नं कमी, जन्म कमी. म्हणजे स्थलांतराचा परिणाम जन्मदरावरही होतो, हा दुवा मुलांना स्वतःला शोधू द्या.

विसाव्या शतकात पर्यटन आलं. बर्फावरचे खेळ, डोंगरवाटा, जुनी घरं बघायला लोक येऊ लागले. गावात रोजगार आला. पण बरीच घरं आता सुट्टीपुरतीच उघडतात. हंगामात गाव भरलेलं, एरवी खिडक्या बंद! आता विचारा: 'हे गाव वाढलं म्हणायचं की घटलं?' उत्तर लगेच देऊ नका. वाद होऊ द्या. घरं भरली म्हणजे गाव जगलं असं नाही. गावात वर्षभर राहणारी मुलं किती, यावर शाळा टिकते.

शेवटी फळ्यावर तीन प्रश्न लिहा : किती माणसं? कोणत्या वयाची? वर्षातले किती महिने? जनगणनेचा आकडा मुख्यतः पहिल्याचंच उत्तर ठळकपणे समोर ठेवतो. पालकांनी हेच तीन प्रश्न घेऊन मुलांना आजी-आजोबांशी त्यांच्या गावाबद्दल बोलायला बसवावं. धडा तिथेच पक्का होईल, बघा.