द्राक्षवेलीस चेतविणारी द्रव्ये

आंबिवलीच्या पावसात द्राक्षाची बाग होत नाही, हे सांगावयास नको. तथापि कसाऱ्याचा घाट चढला की नाशिक जिल्हा लागतो. तिकडे सोयरीक किंवा जमीन असलेल्या वाचकांकरिता आम्ही हे लिहीत आहोत.

काळ्या द्राक्षाचा मणी चिरून पाहिल्यास रंग बहुधा गरात नसून सालीत दिसतो. लाल मद्य करताना रस सालींसह आंबवितात तो याचकरिता. हा रंग, तसाच सालीबियांतील तुरटपणा, ही फिनॉल वर्गातील द्रव्यांची करणी होय. साखर भरली परंतु साल फिकी राहिली, तर मद्यही फिकेच उतरते.

यांपैकी काही द्रव्ये वेल स्वसंरक्षणार्थ करिते. बुरशी लागली असता पानांत रेस्व्हेराट्रॉल उत्पन्न होते, असे लँगकेक व प्राइस यांनी १९७६ साली दाखविले. चेतक द्रव्य म्हणजे खत नव्हे व रोगावरील औषधही नव्हे. ती चोर आल्याची खोटी आरोळी होय. कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून करितात. बुरशीच्या अंगीही तशाच जातीचा पदार्थ असल्याने वेल फसते व सावध होते. आपल्या किनाऱ्यावर हेच कवच उकिरड्यावर जाते! मेथिल जास्मोनेट हे तर वनस्पतीचे स्वतःचेच संकेतद्रव्य आहे.

फवारणी मण्यात पाणी उतरून रंग धरू लागतो तेव्हा, व काही दिवसांनी पुन्हा, करावयाची असते. स्पेनमधील मुर्सिया येथे मोनास्त्रेल जातीवर केलेले असे प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मद्याचा रंग सुधारला. मात्र असे फळ सालागणिक व जातीगणिक बदलते.

आता हिशेब. खाण्याच्या हिरव्या द्राक्षास या खर्चाचे प्रयोजन नाही. मद्याच्या द्राक्षासही भाव केवळ वजनावर मिळणार असेल, तर रंगाचे दाम कोण देणार? करारात रंगाविषयी कलम असल्यावाचून कर्ज काढून फवारे मारू नयेत. केवडा-भुरीवरील नेहमीची फवारणी याच्या भरवशावर सोडू नये. जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. म्हणून डब्यावरील मजकूर वाचावा व पावती घ्यावी.

प्रथम वर्षी दोन ओळी फवाराव्या, शेजारची एक सोडून पुढील दोन कोऱ्या ठेवाव्या. दोहोंचे घड निराळे तोडून रंग मोजवून घ्यावा. मात्रा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रास विचारूनच ठरवावी. मेथिल जास्मोनेट अधिक झाल्यास पाने गळतात.