सुताराच्या हातातील कंपन : सँडर यंत्राची निगा व दुरुस्ती

रंध्याने तासलेल्या फळीवर पॉलिशपेपर फिरवण्याचे काम पूर्वी सुताराच्या तळहाताला करावे लागे. आता लहान गावांतही हे काम सँडर हे विजेवर चालणारे हातयंत्र करते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद करण्यात आली आणि अर्जांची पहिली छाननी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली. यंत्र हाती आले, तरी ते हादरू लागल्यावर काय करावे, हे मात्र कारागिराला सहसा कोणी सांगत नाही.

हा प्रश्न केवळ कामाच्या सफाईचा नाही. दगड फोडण्याच्या हवेच्या हातोड्यांवर काम करणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात, हे अमेरिकेतील इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील खाणकामगारांच्या पाहणीत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले. कंपनामुळे बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा पोहोचते आणि विकार बळावल्यास ती भरून येत नाही. शर्टाची गुंडी लावता न येणे, हे त्याचे एक लक्षण होय. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी कंपनाची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी ठरविली. येथे एक हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. कंपन दुप्पट झाले, तर सुरक्षित वेळ निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणजे यंत्राचे कंपन १० वर गेल्यास ती मर्यादा दोन तासांतच गाठली जाते.

सध्या अधिक प्रचलित असलेल्या गोल पॅडच्या सँडरमध्ये पॅड आपल्याभोवती फिरते आणि त्याच वेळी काही मिलिमीटरांच्या लहानशा वर्तुळात घुमतेही. हे घुमणे मिनिटाला १२,००० पर्यंत, म्हणजे सेकंदाला २०० वेळा घडू शकते. पॅड मध्यबिंदूपासून बाजूला बसविलेले असल्याने त्याचा तोल सांभाळण्यासाठी आत विरुद्ध बाजूस एक प्रतिभार असतो. प्रतिभाराचे वजन मूळ पॅडच्या वजनाशी जुळविलेले असते. बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते. बाजारातून स्वस्तात आणलेले जड किंवा हलके पॅड बसविले, अथवा मऊपणासाठी पॅडखाली स्पंजाची जादा चकती लावली, की हा तोल बिघडतो. याच कारणाने पॅड काढून यंत्र चालवून पाहण्याची पद्धत फसवी ठरते. पॅडविना निरोगी यंत्रही हादरते.

तपासणीपूर्वी प्लग काढून ठेवावा. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही. प्रथम पॉलिशपेपर पाहावा. तो मध्यभागी बसला आहे काय व त्याची छिद्रे पॅडच्या छिद्रांशी जुळतात काय, हे पाहण्यास अर्धा मिनिट पुरतो आणि पुष्कळदा दोष तेवढाच असतो. त्यानंतर पॅडचा स्क्रू, पॅडची वाकलेली वा उष्णतेने वितळलेली कड आणि आतील पंख्याची पाती तपासावीत. एक पाते तुटले किंवा पंख्याच्या एका बाजूस भुसा घट्ट बसला, तरी कंपन वाढते.

इतके करूनही थरथर राहिली, तर बेअरिंगकडे वळावे. पॅड हाताने धरून आजूबाजूस हलवावे. खटखट जाणवली किंवा फिरविताना वाळू भरडल्यासारखे वाटले, तर बेअरिंग झिजले आहे. त्यावर क्रमांक कोरलेला असतो. ६००० मालिकेत शेवटचे दोन आकडे ०० असल्यास आतील छिद्र १० मिलिमीटर, ०१ असल्यास १२ आणि ०२ असल्यास १५ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंनी रबराने बंद असलेलेच बेअरिंग घ्यावे, कारण उघड्या बेअरिंगमध्ये लाकडाचा भुसा लवकर शिरतो. आसावर बसविताना दाब आतील कड्यावरच द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारल्यास आतील गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात व नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत वाजू लागते.

पॅडला लागून असलेली रबरी ब्रेकची कडी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती झिजली की पॅड हवेत मोकाट वेगाने फिरू लागते आणि लाकडावर टेकताच उसळून खोल ओरखडे काढते. ही कडी बदलणे सोपे असते. मात्र ती त्याच यंत्राची हवी.

यंत्र दाबून धरण्याची सवयही सोडविली पाहिजे. घासण्यास यंत्राचे स्वतःचे वजन पुरते. जोर दिल्याने पॅडचे फिरणे मंदावते, लाकडावर गोल खुणा उमटतात आणि घट्ट आवळलेल्या मुठीत कंपन अधिक उतरते. मुठीवर फडके गुंडाळणे हा उपाय नव्हे. त्याने हवेची छिद्रे झाकली जाऊन मोटार मात्र तापते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व शाळांच्या कार्यशाळांतील निदेशकांनी निकामी झालेले एखादे सँडर उघडून त्यातील प्रतिभार विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, आणि पॅड बदलताना मूळ पॅडचा व्यास, छिद्रे व वजन यांची नोंद यंत्राच्या पेटीवरच लिहून ठेवण्यास सांगावे.