‘बिल सेव्ह झालं’

मार्च 2006. घाटकोपर पश्चिमेला एका औषधांच्या स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये वर्षअखेरीची मोजदाद चालली होती. समोरच्या रॅकवर खोकल्याच्या औषधाची एकही बाटली नव्हती आणि कॉम्प्युटर म्हणत होता, 84 आहेत. शेट माझ्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते माल काढून देणाऱ्या पोऱ्याकडे.

आदल्या वर्षीच्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या गोडाऊनच्याही खालच्या फळ्या पाण्यात गेल्या होत्या. त्यानंतर कितीतरी महिने स्टॉक जुळला नाही की ‘पावसात गेला असेल’ म्हणून विषय मिटायचा. ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं, माझ्याही. मार्चपर्यंत ती सबब जुनी झाली. “भाय, कॉम्प्युटर खोटा बोलेल का?” शेटनी विचारलं, आणि मी छातीठोकपणे “नाही” म्हणालो. त्या पोऱ्यानं आठवड्याभरात काम सोडलं.

माल कुणी चोरलाच नव्हता. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात बसून मीच ते सॉफ्टवेअर लिहिलं होतं. पुढे व्हीबी सिक्स, मागे एसक्यूएल सर्व्हर 2000. बिल सेव्ह करायला एकच स्टोअर्ड प्रोसिजर: आधी बिलाची नोंद, मग आयटम, मग स्टॉक वजा, शेवटी पार्टीच्या खात्यात रक्कम नावे. शिल्लक शून्याखाली जाऊ नये म्हणून स्टॉकच्या टेबलवर मी चेक लावला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

आता धंद्याची रीत बघा. माल सकाळी उतरतो, खरेदीची एन्ट्री मात्र सवडीनं, संध्याकाळी होते. दुपारी गिऱ्हाईक उभं असतं, माल रॅकवर दिसत असतो, म्हणून मुलगा बिल फाडतो. कॉम्प्युटरच्या लेखी त्या बॅचची शिल्लक शून्य. स्टॉक वजा करायला गेलं की चेक आडवा येतो, एरर नंबर 547. पण अशा चुकीनं तेवढी एक कमांड फुकट जाते आणि प्रोसिजर पुढे चालतच राहते, हे मला ठाऊक नव्हतं. पार्टीच्या खात्यात रक्कम पडली, कमिट झालं. संध्याकाळी खरेदीची एन्ट्री झाली, स्टॉक वाढला, आणि दुपारी गेलेल्या दहा बाटल्या कायमच्या कॉम्प्युटरमध्येच राहिल्या.

प्रोसिजरच्या शेवटी मी @@एरर तपासत होतो. त्याचा उपयोग शून्य, कारण ती किंमत दर कमांडनंतर नव्यानं भरली जाते. मी तपासत होतो ती फक्त शेवटच्या कमांडची तब्येत.

तरीही एरर व्हीबीपर्यंत पोचायला हवी होती ना? तीही पोचली नाही. प्रोसिजरमधली प्रत्येक कमांड ‘एक ओळ बदलली’ अशी चिठ्ठी परत पाठवते. व्हीबी आणि सर्व्हर यांच्यामधला दुवा असलेलं एडीओ पहिली चिठ्ठी हातात घेऊन काम झालं असं समजतं. एरर त्या चिठ्ठ्यांच्या मागे रांगेत उभी असते, आणि पुढचा रेकॉर्डसेट मागितल्याशिवाय तिचा नंबर लागत नाही. मी मागितलाच नव्हता. स्क्रीनवर ‘बिल सेव्ह झालं’. पोऱ्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी क्वेरी अ‍ॅनलायझरमध्ये तीच प्रोसिजर हातानं चालवली, तेव्हा मेसेजेसमध्ये ‘एक ओळ’, ‘एक ओळ’ आणि त्यांच्या खाली 547 दिसला. रिक्षानं घाटकोपरला गेलो (मेट्रोला अजून आठ वर्षं होती) आणि शेटना सगळं सांगितलं. त्यांनी पोऱ्याच्या भांडुपच्या घरी निरोप पाठवला. तो आला नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोसिजरची पहिली ओळ ‘सेट नोकाउंट ऑन’ असते, म्हणजे चिठ्ठ्या बंद; दुसरी ‘सेट एक्सॅक्ट अबॉर्ट ऑन’, म्हणजे एक कमांड फसली की सगळंच रद्द. 2005 च्या आवृत्तीपासून ट्राय-कॅच मिळालं, 2012 पासून थ्रो, ते वापराच. पण रिकामा कॅच ब्लॉक म्हणजे माझीच जुनी चूक नव्या कपड्यांत. कॅचमध्ये आधी रोलबॅक, मग लॉगच्या टेबलमध्ये नोंद, मग थ्रो. हा क्रम उलटा केलात तर रोलबॅकबरोबर लॉगही पुसला जातो. रेझएरर वापरत असाल तर सिव्हिरिटी 16 ठेवा. 10 किंवा त्याखाली ती नुसती सूचना असते, कॅच तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

टाइमआउटचा हिशोब वेगळा. डॉटनेटमध्ये काही सांगितलं नसेल तर कमांड 30 सेकंद वाट बघते आणि मग अ‍ॅप्लिकेशनच ती रद्द करतं. तेव्हा प्रोसिजरमधला कॅच चालतच नाही. एक्सॅक्ट अबॉर्ट नसेल तर ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं आणि लॉक तसेच धरलेले. मार्चअखेरीला हे हमखास होतं.

आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मेसेज बॉक्स दाखवू नका. मुलुंडच्या एका काउंटरवर ‘पुढे जायचं का?’ हा प्रश्न स्क्रीनवर ठेवून मुलगा कटिंग प्यायला खाली गेला. बाकीच्या तीन मशीन गोठल्या. आम्ही सर्व्हर बदलायच्या गप्पा मारत होतो, तेवढ्यात तो आला, एंटर दाबलं आणि सगळं सुरळीत झालं.

डेडलॉकचा 1205 आला तर थोडं थांबून दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. बिल नंबर दुबार झाल्याचा 2627 आला तर कितीही वेळा प्रयत्न केलात तरी तोच येणार. आणि काउंटरवरच्या मुलाला हे आकडे दाखवून काय उपयोग? आकडे लॉगमध्ये जाऊ द्या. त्याला हवं असतं: ‘या बॅचची शिल्लक कमी आहे, बिल सेव्ह झालेलं नाही, आधी खरेदीची एन्ट्री करा.’ त्यातलं ‘सेव्ह झालेलं नाही’ हे मी हट्टानं घालतो.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी मी स्टॉकमध्ये एकच बाटली ठेवून दोनचं बिल करून बघतो. मग टेबलाखाली वाकतो आणि बिल सेव्ह होत असतानाच नेटवर्कची वायर उपटतो. नवीन आलेली मुलं हसतात. मी तोवर चारही टेबलं उघडून ओळी मोजत असतो.